‘पोरकटपणा’ हा शब्द वापरताना

आपण नुकतीच लेखनाला सुरुवात केली आहे, म्हणून ‘पोरकटपणा’ या शब्दाविषयी मनापासून सांगावेसे वाटते. मळकट, तेलकट, धुरकट या शब्दांतला ‘कट’ प्रत्यय मळाची, तेलाची किंवा धुराची छटा दाखवतो. त्याच चालीवर पोरकट म्हणजे ज्याच्या वागण्यात पोराची छटा अजून उरली आहे असा. त्यामुळे हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो ज्याच्याकडून समजुतीची अपेक्षा आहे त्यालाच. एका नवोदित लेखिकेच्या कथेत ‘चार वर्षांच्या नातवाचा पोरकटपणा पाहून आजी हरखली’ असे वाक्य होते. तिथे मी ‘अवखळपणा’ सुचवला, कारण चार वर्षांच्या मुलाने पोरासारखे वागण्यात दोष काढण्याजोगे काहीच नाही. तेच वाक्य चाळिशीच्या जावयाबद्दल असते, आणि मानपान चुकला म्हणून तो ताटावरून उठून गेला असता, तर ‘पोरकटपणा’ अगदी चपखल बसला असता (आणि आजी अर्थातच हरखली नसती).

‘बालिश’ हा संस्कृतातून आलेला शब्द अर्थाने जवळचा, पण अधिक ग्रांथिक आहे. युक्तिवादाला तो शोभतो, घरगुती बोलण्यात मात्र परका वाटतो. ‘पोरखेळ’ हा स्वभावाला नव्हे, तर गांभीर्य न ठेवता उरकलेल्या कामाला म्हणावा. ‘बाळबोध’ मात्र या घरातला नव्हेच. त्यात साधेपणा आहे, मूर्खपणा नाही.