घरी बनवलेल्या गिटार पेडलची दुरुस्ती आणि डब्यावरील लेझर कोरीवकाम

आपल्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या डब्याचा) स्विच बंद असताना गिटारचा आवाज नीट जातो, स्विच दाबला की दिवा लागतो पण आवाज नाहीसा होतो, आणि दुरुस्तीनंतर अॅल्युमिनियमच्या डब्यावर लेझरने नाव कोरून घ्यायचे आहे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की एकही पार्ट बदलण्यापूर्वी आवाज नेमका कुठे थांबतो ते शोधावे. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या गावात साधी आयसीसुद्धा (सर्किटमधील छोटी चिप) बाहेरून मागवावी लागते, त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलत बसणे मला कधीच पटले नाही.

आपण सांगितलेल्या लक्षणांतून बरेच काही कळते. बायपासमध्ये, म्हणजे स्विच बंद असताना, आवाज येतो; म्हणजे दोन्ही जॅक आणि केबल ठीक आहेत. दिवा लागतो, म्हणजे ९ व्होल्टचा पुरवठा डब्यात पोहोचतो. दोष उरतो तो सर्किट बोर्डमध्ये, बोर्डाकडे जाणाऱ्या वायरींमध्ये किंवा नऊ पायांच्या फूटस्विचच्या उरलेल्या संपर्कांमध्ये. सोल्डरिंग करताना जास्त वेळ उष्णता दिल्यास या स्विचच्या आतील प्लास्टिक मऊ होते आणि संपर्क कच्चे राहतात, म्हणून प्रथम दोन्ही स्थितींत त्याची कंटिन्युइटी, म्हणजे संपर्कांतून वीज सलग जाते की नाही, ते मल्टीमीटरने तपासावे.

नंतर मल्टीमीटरची काळी पिन ग्राउंडवर (पुरवठ्याच्या ऋण बाजूच्या सामाईक वायरीवर) ठेवून आयसीचे व्होल्टेज घ्यावे. टीएल०७२ किंवा ४५५८ ही पेडलमध्ये नेहमी आढळणारी आठ पायांची आयसी असेल तर ८ क्रमांकाच्या पायावर सुमारे ९ व्होल्ट, ४ वर शून्य, आणि १ व ७ वर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १ किंवा ७ वर शून्य अथवा पूर्ण ९ दिसले, तर आयसी खराब आहे किंवा निम्मे व्होल्टेज देणारी रेझिस्टन्सची जोडी कुठेतरी सुटली आहे. ३ आणि ५ क्रमांकांच्या पायांवर मात्र स्वस्त मीटर कमी आकडा दाखवतो, कारण अशा मीटरचा स्वतःचा रोध जेमतेम १ मेगओहम असतो आणि तेथील रेझिस्टन्सही बहुधा तितकाच मोठा असतो. तो दोष समजून चांगली आयसी काढू नये.

व्होल्टेज बरोबर असेल तर आवाजाचा माग काढावा. अॅम्प्लिफायरला लावलेल्या केबलच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, केबलची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावावी आणि कपॅसिटरचे मोकळे टोक इनपुटपासून पुढे एकेका जोडावर टेकवत जावे. इनपुटला मोबाइलवरील तानपुऱ्याचा सूर दिला तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर अखंड असल्याने तो कुठे तुटला ते लगेच ऐकू येते. ही पद्धत ९ व्होल्टच्या पेडलपुरतीच ठेवावी; विजेवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या आत ती जिवावर बेतू शकते. टिनाच्या छताखाली आपल्याकडील उन्हाळे काढलेल्या पेडलमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर सुकतात हे खरे, पण तेव्हा आवाज पातळ होतो किंवा घुमघुम वाढते. आपल्यासारखी पूर्ण शांतता बहुधा तुटलेल्या वायरीची किंवा कच्च्या सोल्डरची असते.

पेडल पुन्हा वाजू लागल्यावर सर्व भाग काढून रिकामा डबाच कोरायला द्यावा, आणि नवी भोके पाडायची असतील तर ती आधीच पाडून घ्यावीत. उघडे अॅल्युमिनियम घरगुती निळ्या डायोड लेझरचा किंवा सीओटू लेझरचा प्रकाश बहुतांशी परतवून लावते. ही यंत्रे फक्त वरचा रंग किंवा पावडर कोटिंग जाळून खालचा चकचकीत धातू उघडा करतात. गडद रंगाच्या डब्यावर तेवढेही फार सुंदर दिसते, आणि ट्रॉफी व नामफलक बनवणाऱ्यांकडे असे यंत्र बरेचदा मिळते. थेट धातूत कोरायचे असेल तर १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझर लागतो. दागिन्यांवर हॉलमार्कचे क्रमांक याच प्रकारच्या यंत्राने उमटवतात, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी सराफ्यात चौकशी करावी. मराठी मजकुराची अक्षरे कर्व्हमध्ये (फॉन्टची गरज न लागणाऱ्या रेषाकृतींमध्ये) बदलून फाइल द्यावी, अन्यथा दुकानातील संगणकावर तो फॉन्ट नसल्यास वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. स्टिकरचे पीव्हीसी व्हिनाइल डब्यावर राहिले असेल तर ते आधी पूर्ण काढावे, कारण लेझरने जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. यंत्र आपल्याच घरी असेल तर त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय ते सुरू करू नये.

नाव अवश्य कोरावे, पण माझा आग्रह आहे की पॉवर जॅकजवळ ‘९ व्होल्ट, मध्य ऋण’ (म्हणजे अडॅप्टरच्या पिनचा मधला भाग ऋण) हेही कोरून घ्यावे, कारण उलट ध्रुवाचा अडॅप्टर लागल्याने जळलेली पेडल माझ्याकडे नेहमी येतात. डबा नव्याने रंगवला असेल तर जॅकच्या भोकाभोवती आतल्या बाजूचा रंग खरवडावा, नाहीतर डब्याला ग्राउंड मिळत नाही आणि घरातील वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर आवाजात शिरते. सर्व भाग बसवल्यावर जॅकची बाहेरची कडी आणि डब्याचे झाकण यांच्यात मल्टीमीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो याची खात्री करून मगच स्क्रू आवळावेत.