बातमीवरून मानहानीची नोटीस आलीय, फ्रीलान्सरला कायदेशीर मदत कुठे मिळते?

तुम्ही लिहिलंय की एका कंपनीवरच्या बातमीसाठी मानहानीची नोटीस आली, पोर्टलवाल्यांनी हात वर केले आणि वकिलाची फी परवडत नाही. मदत मिळते, पण आधी घाबरून बातमी डिलीट करू नका आणि रागाच्या भरात स्वतःच उत्तरही ठोकू नका, कारण ते उत्तर पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात वाचून दाखवतात.

मी बरीच वर्षं डेस्कवर आहे, अशा नोटिसा पुष्कळ वाचल्यात. सुरुवातीला आमचे अशील किती प्रतिष्ठित याचं पुराण, मग बातमीतलं नेमकं कुठलं वाक्य खोटं ते मात्र मोघम, आणि शेवटी इतक्या दिवसांत बिनशर्त माफी मागा नाहीतर दावा, आणि पुढे डोळे पांढरे होतील असा आकडा. म्हणून नोटीस हातात आली की पेन घेऊन बसा, ते नेमक्या कुठल्या वाक्याला खोटं म्हणतायत ते शोधा आणि त्या वाक्याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे ते समोर लिहा, वकील पहिल्या भेटीत हेच विचारणार.

बऱ्याच वेळा दावा जिंकायचा नसतोच हो, तारखांवर तारखा घालून माणसाला दमवायचं असतं. माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गॅलिझिया यांची 2017 मध्ये कारबॉम्बने हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर मानहानीचे 40 हून जास्त दावे चालू होते, आणि त्यातले बरेच नंतर त्यांच्या घरच्यांच्या गळ्यात पडले. याचा मला आजही संताप येतो. 2024 मध्ये युरोपियन युनियनने अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला, उघड उघड निराधार दावा कोर्ट सुरुवातीलाच फेटाळू शकतं आणि खर्च दावा करणाऱ्यावर टाकू शकतं. पण तो एकाहून जास्त देशांशी संबंध असलेल्या दिवाणी प्रकरणांपुरताच आहे, आणि असं संरक्षण बऱ्याच देशांत अजिबात नाही.

आता मदतीचं. लंडनची मीडिया डिफेन्स ही संस्था नेमकं हेच काम करते, वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारांना स्थानिक वकील मिळवून देणं, त्याची फी भरणं, आणि ब्लॉगर, फ्रीलान्सरही त्यांच्याकडे अर्ज करू शकतात. अटक किंवा जिवाला धोका असेल तर कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स आणि रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स या पत्रकारांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे तातडीच्या मदतीची सोय आहे. युनेस्कोचाही ग्लोबल मीडिया डिफेन्स फंड आहे, पण तो पैसा संस्थांना जातो, एकेकट्या माणसाला थेट नाही, तेव्हा तुमच्या पत्रकार संघटनेला अर्ज करायला सांगा. तारीख लागायची वाट बघत बसू नका, नोटीस आल्या दिवशीच या संस्थांना लिहा, कारण अर्ज तपासायला वेळ जातो आणि उत्तराची मुदत थांबत नाही.

सोर्सचं, म्हणजे तुम्हाला माहिती देणाऱ्याचं नाव मागितलं तर वकिलाशी बोलल्याशिवाय तोंड उघडू नका. ब्रिटनमध्ये विल्यम गुडविन नावाच्या शिकाऊ पत्रकाराने नाव सांगायला नकार दिला, दंड झाला, तो युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेला आणि 1996 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. प्रत्येक देशात हे संरक्षण सारखं नसतं, म्हणूनच वकील आधी.

आणि नोट्स, मूळ रेकॉर्डिंग, कंपनीला प्रतिक्रियेसाठी पाठवलेला मेल, हे सगळं आजच दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. पोर्टलवाल्यांनाही मेल करून लेखी विचारा की वकिलाचा खर्च तुम्ही देणार की नाही. नाही म्हणाले तरी ते उत्तर जपून ठेवा, अर्ज करताना तुमच्यामागे कोणी नाही हे दाखवायला उपयोगी पडेल.