“सर, माझं इंग्लिश लातूरचं वाटतंय ओ”

उदगीरकडची ही मुलगी लातूरला ट्यूशन घेते. बी.ए. इंग्लिश, बी.एड., वर १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स. व्हिएतनाममधल्या हनोईच्या एका भाषाकेंद्रात शिक्षिकेच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत आठ दिवसांवर आलेली आणि ही महिनाभर यूट्यूबवर अमेरिकन उच्चार घोटत बसलेली. “घेतील का ओ सर मला?”

जिथं पासपोर्टच आडवा येतो, तिथं उच्चार घोटून उपयोग नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. व्हिएतनामला पदवी, सर्टिफिकेट आणि पोलीस क्लिअरन्स बघतात. हिची फाइल तयार होती. मी म्हटलं, “अमेरिका राहू दे. मला पाच मिनिटं शिकव.”

तिनं फळ्यावर लिहिलं, ‘शी हॅज लिव्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स.’ मग प्रेझेंट परफेक्टची व्याख्या, हॅव-हॅजचा नियम, क्रियापदाचं तिसरं रूप. शेवटी, “अंडरस्टूड?”

मी मान डोलावली. “आता मला समजलं हे तुला कसं कळलं?”

गप्प.

मुलाखतीतल्या डेमोत, म्हणजे शिकवून दाखवताना, खरी गोची इथं होते. ट्यूशनमध्ये आपण बोलायचं, पोरांनी लिहून घ्यायचं, ही सवय अंगात मुरलेली असते. मग आम्ही तेच वाक्य पुन्हा घेतलं. खाली काळाची रेघ काढली आणि व्याख्येऐवजी दोन छोटे प्रश्न ठेवले: ती आजही लातूरला राहते का? कधी आली? नंतर ‘हॅज’ खोडलं. ‘शी लिव्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स.’ आता राहते का? नाही, गेली. एका शब्दानं बाईचा पत्ता बदलतो, हे विद्यार्थ्याच्या तोंडून यायला हवं.

उच्चारांत एकच गोष्ट धरली. आपल्या ‘व’त इंग्रजीचे व्ही आणि डब्ल्यू दोन्ही मिसळतात. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेल’ला ओठ गोल. आरशासमोर रोज दहा मिनिटं, बस्स. (पूर्वी मीही उमेदवारांचे उच्चारच घासत बसायचो. त्यानं ती पोरं आणखी बिचकायची.)

मुलाखतीच्या दिवशी लाइट गेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभावलं. रात्री तिचा फोन.

“सर, उच्चारांचं काहीच नाही निघालं. डेमोच लई वेळ चालला.”

“बोललं कोण जास्त?”

“समोरचेच बोलले ओ!”