चूल धुमसतेय? आधी राख काढा

ताई, नुसता धूर होतोय म्हणजे सरपण ओलं, नाहीतर आत राख साचलीय. राख ओढून घ्या. तळाशी बोटभर राहू द्या, तिच्यावर निखारे टिकतात. मग नारळाची शेंडी किंवा सुकं सोडण (नारळाचं वरचं तंतूंचं साल), त्यावर करंगळीएवढ्या काटक्या, मधून हवा खेळेल अशा. त्या कडकडायला लागल्या की मगच लाकडं सारा, तीही दोनच. इथेच घाई होते आणि जाळ गुदमरतो. फुंकणी निखाऱ्यांच्या मुळाशी धरून सावकाश फुंका.

रॉकेल अजिबात ओतू नका, विझत आलेल्या चुलीत तर नाहीच. भडका थेट तोंडावर येतो. पदर खोचा, खिडकी उघडी ठेवा. उद्याची लाकडं आजच चुलीच्या उबेला ठेवा, ठिणगी पोचणार नाही इतकी लांब.