महारुखावरचा ठिपकेदार पतंग : वाचकांचे प्रश्न

बांधावरच्या महारुखाच्या शेंड्यांना जाळी धरली आहे, आत अळ्या आहेत. झाड वाळेल का? (अंबाजोगाई)

या अटेवा फॅब्रिसिएला पतंगाच्या अळ्या. मोठं झाड पुन्हा पालवतं. रोपाचा शेंडा मात्र जपा. तो खाल्ला गेला की बाजूला फांद्या फुटतात, खोड सरळ वाढत नाही. जाळी अळ्यांसकट काडीला गुंडाळून काढा. फवारणी करूच नका, महारुखाचा पाला शेळ्यांच्या तोंडी जातो.

पतंग ओळखायचा कसा? (लातूर)

बसताना तो पंख अंगाभोवती गुंडाळतो आणि दीडेक सेंटिमीटरची अरुंद नळी दिसते. पुढचे पंख नारिंगी, त्यांवर पांढरे ठिपके. ठिपक्यात काळं काहीही नसतं, हे भिंगातून नक्की पाहा. तागाजवळ दिसणारा अर्जिना पतंगही नारिंगीच, पण त्याचे ठिपके काळे आणि त्यांना पांढरी कड. महारुखावरच उघड्यावर, जाळीविना, पिवळ्या अंगावर काळे पट्टे आणि लांब पांढरे केस असलेली अळी दिसली, तर ती एलिग्मा नार्सिससची. तो पतंग बराच मोठा असतो.

इंग्रजी पुस्तकातला अ‍ॅशच्या झाडावरचा छोटा पतंग इकडे सापडेल का? (परभणी)

नाही. प्रेज फ्रॅक्सिनेला युरोपातला, अ‍ॅशवर जगणारा. आपल्या देशात अ‍ॅश हिमालयात वाढतो, मराठवाड्यात नाही.

पतंगाच्या नोंदीत काय हवं? (नांदेड)

आधी झाड! झाडाचं नाव नसलेली नोंद आम्ही अर्धीच धरतो. महारुखाला काही जण महानिंब म्हणतात आणि तेच नाव इतर झाडांनाही चालतं, म्हणून पानाचा फोटो हवाच: लांब संयुक्त पान, पर्णिकांच्या कडा ओबडधोबड दातेरी. चपटं, पंखासारखं फळ मिळालं तर उत्तम, त्यात बी मधोमध असतं. मग पतंग वरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी. तारीख, गाव, जाळीची उंची लिहा. फोटो आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ) मूळ फाईलमधूनच चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते.

पतंग दिसत नसेल तर तीन-चार अळ्या बरणीत पाळा. तोंडाला मलमलचं फडकं, तळाला टिपकागद, रोज ताजा पाला. झाकण घट्ट लावलं तर आत पाणी सुटतं, बुरशी येते आणि अळ्या मरतात. कोषातून साधारण आठवड्याभरात पतंग निघतो. त्याऐवजी अळीच्या अंगावर पोसलेली बारीक गांधीलमाशी निघाली, तर तिचाही फोटो काढून त्याच नोंदीत जोडा.