द्वारकेच्या किनाऱ्यावर सापडलेले शंख जीवाश्म आहेत का, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की द्वारकेच्या किनाऱ्यावर राखाडी, जड शंख मिळाले आणि घरच्या शाळिग्रामासारखा रंग बघून ते जीवाश्म वाटले. मीही बडोद्याचाच, भूविज्ञान इथेच शिकलो, म्हणून लिहितो. रंगावर अजिबात जाऊ नका. काळ्या चिखलात पुरला गेलेला आजचा शंखही काळपट पडतो, आणि उन्हात राहिलेला पांढराफटक होतो. शाळिग्राम तर अमोनाइट, माकूळ-ऑक्टोपसच्या नात्यातला. गोगलगायीशी त्याचं जवळचं नातं नाही.

आधी शंखाच्या तोंडातून आत बघा. साध्या पाण्यात जुन्या टूथब्रशने वाळू काढा. ती सहज निघाली आणि आत गुळगुळीत चकाकी दिसली, तर शंख बहुधा अलीकडचा. आतला भरणा दगडच झाला असेल, घासून कणही सुटत नसेल, तर पुढे तपासण्यात अर्थ आहे. मग भिंगातून तुटलेली कड बघा. कवच मुळात बहुतेक अरागोनाइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाचं असतं. फार जुन्या शंखात ते बहुतेकदा बदलून तिथे कॅल्साइटचे, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या खनिजाचे, साखरेसारखे चमकते दाणे आलेले असतात. कधी कवच पूर्ण विरघळतं आणि आतल्या गाळाचा नुसता पिळदार साचा उरतो. असा पीळ हातात आला की मला अजूनही फार आनंद होतो!

व्हिनेगर मात्र टाकू नका. नवा काय, जुना काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. फसफसणार दोन्ही, आणि वरची नक्षी कायमची जाईल.

द्वारकेची खरी अडचण वेगळीच आहे. ओखामंडळातल्या, म्हणजे द्वारकेच्या आसपासच्या भागातल्या सागरी चुनखडकातच जुने शंखशिंपले आहेत. लाटा तो खडक फोडतात आणि लाखो वर्षांपूर्वीचा शंख परवा मेलेल्या गोगलगायीच्या शंखाशेजारी येऊन पडतो. उलट, उष्ण किनाऱ्यावर चुन्याने बांधली जाऊन वाळूचा काही दशकांतही दगड होऊ शकतो, म्हणजे दगडात अडकलेला प्रत्येक शंख जुना असतोच असं नाही. म्हणून तुमचे शंख सुटे पडले होते की कड्यातून निखळलेले, हे नक्की आठवून लिहा. त्या जागेचा फोटो असेल तर शंखांबरोबर तोही घेऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात दाखवा. आणि पुढच्या वेळी जामनगर-ओखा पट्ट्यातल्या मरीन नॅशनल पार्कमध्ये गेलात, तर तिथून काहीही उचलू नका.