आधी ब्रेक, मग इंजिन

भावा, अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक चालवत हॉट रॉड (जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली वेगवान गाडी) बांधायची, तर वेळेचं गणित पक्कं कर. तिथला नियम असा: सलग 10 तास विश्रांती, मग 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास ड्रायव्हिंग. 34 तासांची सलग सुट्टी मिळेल तेव्हाच गॅरेजात जा, तेही झोप पुरी झाल्यावर.

1932 ची फोर्ड मिळाली तर लगेच इंजिनामागे लागू नकोस. मूळ फ्लॅटहेड (जुन्या धाटणीचं) व्ही-8 इंजिन फक्त 65 अश्वशक्तीचं, ब्रेकही सळ्यांनी ओढले जाणारे. त्यात शेवरोलेचं 350 (घन इंचांचं मोठं व्ही-8 इंजिन) बसवून जुनेच ब्रेक ठेवणारे बघितले की जीव घाबरा होतो! आधी हायड्रॉलिक ब्रेक बसव, चासीला आतून प्लेट वेल्ड करून मजबुती दे. रंगाचं नंतर बघू. पार्ट शक्यतो स्वॅप मीटमध्ये (जुन्या पार्टांच्या बाजारात) हाताळूनच घे.